किल्ली गेली समुद्रावर

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मनातले मनात ठेवणे हेच आमचे काम, पण मित्रांनो, आज सांगूनच टाकतो. मला माझ्या किल्लीचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखण्याइतका.

आम्ही एकाच कारागिराच्या हातचे. त्याने मला ओतले, घासले, माझ्या पोटात खटके बसवले आणि मग उरलेल्या पितळेतून तिला कापले. उरलेल्या, बरे का! तिच्या दातांना कानस लावून लावून तिला माझ्या मापाची केले. म्हणजे ती माझ्यासाठी जन्मली. हे तिला कोणी सांगत नाही.

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला विकत घेतले. जिन्याजवळची एक खोली, खिडकीशी मशीन आणि दोरीवर लोकांचे कपडे. दुसऱ्याचे कापड घरात म्हणून त्यांनी दुकानातले सर्वांत जड कुलूप मागितले होते. सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची गेली. मावशी मला पुसत, मशीनच्या तेलाचे दोन थेंब माझ्याही पोटात सोडत. पुढे गिऱ्हाईक वाढले आणि तेल फक्त मशीनला मिळू लागले. मी काळवंडलो. किल्ली मात्र मावशींच्या गळ्यातल्या दोरीला, सदा चकचकीत.

मावशींना एकच हौस होती. एकटीने बसने जायचे, जंगलात वाघ बघायचा आणि तिथूनच दुसरी बस पकडून समुद्रावर चार दिवस राहायचे. कोणाच्या शेपटाला धरून नाही, आपल्या मनाने. धाकटा भाऊ म्हणे, ताई, तुला जमायचे नाही. दोनदा त्याचेच खरे झाले. मावशी मला लावून, ओढून बघून स्टँडवर जात आणि बस सुटायच्या आत धापा टाकत परत येत. कुलूप लागले की नाही, ही शंका. मी लागलेलाच असे. त्या हिसका देत, मी हलत नसे, आणि तोवर बस निघून जाई. खरे सांगू? मला बरे वाटायचे. मी घरी, तर किल्लीही घरी.

तिसऱ्या वेळी भाऊ जिन्यातच येऊन उभा राहिला.

"ताई, या वेळी परत आलीस तर हा नाद सोडायचा. मग मी नेईन तिथे, मी नेईन तेव्हा."

मावशींनी पिशवी उचलली. मला लावले, एकदाच ओढले आणि गेल्या. जिन्यात पाऊल वाजले की मला वाटे, आल्याच. दूधवाला आला, शेजारच्या वहिनींची मुले आली. मावशी आल्या नाहीत.

मग माझा जळफळाट सुरू झाला. मी इथे भिंतीकडे तोंड करून लटकलेला आणि ती बोटभर पोरगी बसच्या खिडकीशी! वाघ कसा दिसतो ते मला चित्रातूनही ठाऊक नाही, कारण वाघाचे कॅलेंडर खोलीच्या आत आणि मी बाहेर. तिला लाटांचा आवाज, मला जिन्यातल्या गळक्या नळाचा. राखण करायची मी आणि मिरवायचे हिने.

मावशी परतल्या त्या उन्हाने रापून, चपलांत वाळू घेऊन. किल्ली लावली तर फिरेना. खाऱ्या हवेने तिच्या अंगावर हिरवट डाग पडले होते आणि मी तेलावाचून आखडलो होतो. मी किल्लीला म्हटले, भोग आता. तेवढ्यात वहिनी आल्या आणि हातोडी आणू का म्हणाल्या. माझे धाबे दणाणले. पण मावशी म्हणाल्या, त्याचा काय दोष, मीच कधीपासून त्याला तेल दाखवले नाही. वहिनींनी तेल आणले आणि ते मुरेपर्यंत दोघी पायरीवर बसल्या.

वाघ दिसला का, असे वहिनींनी विचारले.

"दिसला की. जीपसमोरून गेला. सगळे श्वास रोखून बसले होते आणि मी किल्ली मुठीत आवळून विचार करत होते, कुलूप नीट लागलं असेल ना?"

मित्रांनो, मी फुलून गेलो. समोर वाघ आणि मावशींच्या मनात मी! किल्ली बिचारी मुठीतल्या अंधारात.

"आणि समुद्रावर?"

मावशींनी चपलेतली वाळू झटकली. "तिथे घराची आठवणच झाली नाही गं. किल्ली कुठे ठेवली तेही विसरले. निघताना उशीखाली सापडली. आता पुढच्या वेळी ती तुझ्याकडेच ठेवून जाईन."

म्हणजे तिनेही समुद्र पाहिला नाही. आणि यापुढे ती वहिनींच्या खिळ्याला आणि मी दाराला. मी खूश व्हायला हवे होते, पण नाही झालो. तेल मुरले होते. ती हलकेच आत आली, मी मुकाट्याने उघडलो.

मित्रांनो, तुमच्या दारावर माझ्यासारखे कोणी लटकत असेल, तर त्याला वेळच्या वेळी तेल द्या आणि मग खुशाल विसरा. राग मानणार नाही तो. किल्लीचा हेवा मी सोडला आहे. आता मला समुद्राचा वाटतो. मी इतकी वर्षे घट्ट राहूनही मावशींना जो भरवसा देऊ शकलो नाही, तो त्याने चार दिवसांत दिला, आणि तोही दार सताड उघडे ठेवून.