बिनबुडबुड्याचं टाकं

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं पहिलं टाकं बघून नगराध्यक्ष नागोरावांचा चेहरा उतरला. दुसऱ्या टाक्यात हवेचे बुडबुडे उसळत होते. हे मात्र काळं, निपचित.

"काहून रे धम्मरत्न, हे बंद पडलं काय?"

"नाही साहेब, इथं हवा द्यायचीच नाही," केंद्र चालवणारा धम्मरत्न म्हणाला. "जंतू इथं घाण खातात अन् पोटातला फॉस्फरस सोडतात. पुढच्या टाक्यात हवा भेटली का सोडला त्याच्याहून जास्त गिळतात. मंग गाळासंगं त्यायले बाहेर काढायचं."

"म्हंजे जंतू गुदमरवून ठेवतं तू? पेपरवाल्यायले कळलं तं? सोमवारपासून इथंबी बुडबुडे पाह्यजेत. फोटोत काही दिसलं पाह्यजे ना!"

सोमवारी बुडबुडे आले, मंगळवारी फोटो आला. गुरुवारी धम्मरत्ननं बाहेर पडणारं पाणी तपासलं. फॉस्फरस असला की तपासणीच्या बाटलीतलं पाणी निळं होतं. एरवी जेमतेम निळसर, आज शाईसारखं. हे पाणी खालच्या तलावात जायचं. गेल्या साली याच फॉस्फरसवर शेवाळ माजलं होतं आणि बहिणीची, कौसल्याची, सगळी मासोळी एका सकाळी उलटी तरंगत वर आली होती. यंदा केंद्र सुरू झालं, म्हणून भावाच्या भरवशावर तिनं पुन्हा मत्स्यबीज सोडलं होतं.

"दादा, पाणी हिरवं पडून राह्यलं," तिचा फोन आला.

धम्मरत्ननं हवा बंद करण्यासाठी अर्ज दिला. उत्तर आलं : जंतूंनी कामात कसूर का केली, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.

खुलासा लिहिता लिहिता त्याला खिडकीतून समाजमंदिर दिसलं. फीत कापायला कोणी मिळेना, म्हणून दोन वर्षं कुलपात असलेलं. त्यानं पेन खाली ठेवला. पहिल्या टाक्याची हवा बंद केली, तिच्या चावीला लाल रिबीन बांधली आणि वर पाटी लावली : 'नूतन हवा यंत्रणा. उद्घाटन मा. मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते.'

नागोराव पाटी वाचून दचकले.

"अन् आपण हे आधीच चालू केलं होतं?"

"चूक झाली साहेब."

"मंत्रीसाहेबाले समजलं तं माहं तिकीट जाईन, बाबू! तारीख भेटेपर्यंत हात नको लावू कोणी."

तीन आठवड्यांत बाटली पुन्हा निळसरवर आली. कौसल्याची मासोळी बोटभर झाली. तारखेसाठी पत्रव्यवहार सुरू आहे. उन्हानं रिबिनीचा रंग उडाला की धम्मरत्न नवी आणून बांधतो.