सहावी पायरी

लव्हाल शहरातल्या हॉलमध्ये कुस्तीचा लाइव्ह शो रंगला होता आणि पडद्यामागे ऊर्मी आकड्यांवर नजर लावून बसली होती. दर मिनिटाला किती टीव्हींवर आपला शो चालू आहे ते बघायचं आणि शेजारी बसलेल्या मालकाला, गॉर्डनला, सांगायचं, एवढंच तिचं काम. दुसऱ्या कंपनीची कुस्ती नेमकी याच वेळी दुसऱ्या चॅनलवर लागायची. आपला आकडा घसरला की गॉर्डन माइकवरून रेफरीच्या कानात बोलायचा, रेफरी पैलवानाला सांगायचा, आणि पैलवान जिवावरचं काहीतरी करून दाखवायचा. मागच्या महिन्यात एक जण असाच मानेवर पडला. अजून हॉस्पिटलात आहे. मेला तो आकडा!

आज रिंगमध्ये तिचा धाकटा भाऊ जयदीप होता. शिडीच्या सहाव्या पायरीवरून उडी मारायची, असं सकाळीच ठरलं होतं. तो सहावीवर पोचला, आणि आकडा धडाधड कोसळला.

"ऊर्मी, नंबर?"

वाढलाय म्हटलं, तर हा माणूस गप्प बसेल, जयदीप ठरल्याप्रमाणे उतरेल.

"वी आर अप," ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटा आकडा बोलली. "खूप वाढलाय."

गॉर्डनचे डोळे चमकले. त्याने माइक तोंडाशी ओढला.

"लोकांना तो उंचावर आवडतोय," तो रेफरीला म्हणाला. "त्याला सांग, अगदी टोकापर्यंत चढ."

समोरच्या स्क्रीनवर जयदीपने खाली रेफरीकडे बघितलं, मान डोलावली आणि सातव्या पायरीवर पाय ठेवला.