कुळथाच्या मुळातलं लाल

पालीजवळच्या एका वाडीत माणसं बांधावर दाटीने उभी होती. भातामागून पेरलेला कुळीथ फुलावर आला होता. गावच्या भगताने, तुकाबुवाने, सगुणाच्या शेतातलं रोप उपटलं आणि मुळावरच्या गाठी पांढऱ्या फडक्यात चुरडल्या. फडक्यावर लाल डाग उमटला.

"जमीन रगत ओकते, मंडळी. हितं करणी पुरलीय. तुमची गुरं उगाच मरत नायत."

सगुणाचा नवरा मुंबईत नोकरीला. तिचा दीर रावजी म्हणाला, "वयनी, आजच्या आज वाडी सोड."

"मी काय केलंय, भावोजी?"

"ता बुवाला ठावं."

गुरांच्या साथीची बातमी घ्यायला मी आलो, तेव्हा माझ्यासोबत रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मालन शेट्ये होत्या. त्या पुढे झाल्या. "कुळीथ तुम्ही वाळल्यावर उपटता. तोवर गाठी सुकून तपकिरी होतात. म्हणून हे लाल तुम्ही पाहिलं नाहीत. बुवांनी पाहिलंय. गाठीत जंतू राहतात, ते हवेतल्या नत्राचं खत करतात. त्यांना प्राणवायू लागतो, पण बेताचाच. तो धरून बेताने सोडणारं प्रथिन तिथं असतं. मधे लोहाचा अणू, भोवती प्रथिनाची घडी. आपल्या रक्तातही त्याच घडणीचं असतं. आता तर गाठीबाहेर मोकळ्या राहणाऱ्या जंतूंतही तसं सापडलंय, इतकं ते जुनं आहे."

"म्हंजी कुळीथ आमचा भाऊबंद?" गर्दीतल्या केरूने विचारलं.

"लांबचा."

"मंग कुळथाची पिठी खावची कशी?"

काही जण हसले. बाईंनी रावजीच्याच शेतातलं रोप उपटलं, गाठी चुरडल्या. लाल.

"बघा. यात सगुणाबाईंचा काय संबंध?"

मग बुवा शांतपणे म्हणाला, "बघितलात? मगाशी तिच्या शेतात व्हतं, आता तुमच्या. पसरवलंन तिनं."

रावजी स्वतःच्या शेतातून मागे सरला. बाईंनी तिसऱ्या शेतातलं रोप उपटलं, मग चौथ्या. प्रत्येक डागागणिक सगुणाचा गुन्हा वाढत गेला. गुरांना लस टोचून घ्या, हे बाईंचं बोलणं कोणाच्या कानावर गेलंच नाही.

बोचकं घेऊन सगुणा आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली.

"बाई, ता रगत नाय ना?"

"नाही."

"मंग मी कुठं जाव?"



वाचकांना एवढंच सांगणं आहे. गुरं दगावली तर गुरांच्या डॉक्टरला बोलवा. आणि कोणी असा डाग दाखवला, तर त्याला विचारा, हा डाग कुठल्या शेतात निघणार नाही? ते शेत त्याला दाखवता येत नसेल, तर त्याच्या शब्दावर कोणा बाईला घराबाहेर काढू नका.