दोन गोष्टींचे आभार

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या बाकावर कथेचा आवाज पोचतो, ऊब पोचत नाही. आज सांगायचंय ते एका भल्या माणसाबद्दल. त्यानं एका श्वासात देवाचे दोन गोष्टींसाठी आभार मानले, आणि त्यातली एकही तेव्हा त्याच्या पदरात पडलेली नव्हती. एक तर दोनच दिवसांत भलत्याच गावाला निघून गेली. मग दुसरीचं काय, एवढीच ही कथा आहे.

माणसाचं नाव वर्डेल हचिन्स. सरोवराकाठच्या लॉरेल्टन शहरात त्यानं छत्तीस वर्षं सिटी बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर माउंट नेबो चर्चचा डीकन म्हणून तो तितक्याच इमानानं दारं उघडायचा, खुर्च्या मांडायचा, म्हाताऱ्यांना हात धरून बाकापर्यंत न्यायचा. त्याच्या दोन निष्ठा साऱ्या वस्तीला माहीत होत्या. एक देवावर, दुसरी स्टोकर्सवर. स्टोकर्स हा शहराचा संघ, हातानं चेंडू फेकायच्या अमेरिकन फुटबॉलचा. देवानं त्याला कधी निराश केलं नाही असं तो म्हणे. स्टोकर्सनी मात्र दर हिवाळ्यात न चुकता केलं.

आणि त्याचं कारणही सगळे एकच सांगत. क्वार्टरबॅक नाही. इतर दहा जण कितीही जीव तोडून धावोत, चेंडू ज्याच्या हातून सुटतो तोच कच्चा असेल तर ते बुवा न आलेल्या भजनासारखं होतं. टाळकरी टाळ कुटत राहतात आणि अभंग काही उभा राहत नाही. बावीस वर्षांत अठरा क्वार्टरबॅक आले आणि गेले. म्हणून त्या मार्चमध्ये, संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात त्या दिवसांत, जॅरेल मॅबिन लॉरेल्टनला येणार अशी बातमी उठली तेव्हा शहराचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मॅबिन म्हणजे लाखात एक हात. त्याच्या बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीतले आपले दोन वर्षांचे पहिले हक्क द्यायचे, सौदा जवळजवळ झाल्यातच जमा आहे, असं रेडिओवर नऊ दिवस सांगत होते.

त्या रविवारी वर्डेल साक्षीच्या वेळी उभा राहिला.

माउंट नेबोमध्ये प्रवचनाआधी साक्ष असते. ज्याला वाटेल त्यानं उठावं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. तिथल्या लोकांची आणखी एक जुनी रीत अशी की जे अजून आलेलं नाही त्याचेही आभार मानायचे, जणू ते दाराशी येऊन ठेपलंय. तसे आभार मानणं हा विश्वासाचा कळस समजतात. वर्डेलनं टाय सारखा केला आणि आपला मित्र ओथा पिकेट याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की प्रभूनं ओथासाठी किडनी शोधून ठेवली आहे, ती वाटेत आहे, त्याबद्दल त्याचे आभार. 'आमेन' उठला. तिथंच त्यानं खाली बसायचं. पण आमेनची गोडी वाईट. तो म्हणाला, "आणि उभाच आहे तर, प्रभो, क्वार्टरबॅकबद्दलही आभार."

चर्चभर हशा पिकला. ऑर्गनवर एक लांबलचक सूर वाजला, बायकांच्या हातातले पंखे हलले, आणि चर्चचे पाळक रेव्हरंड गेन्ससुद्धा व्यासपीठावर उठून उभे राहिले. हा दुसरा आमेन पहिल्यापेक्षा मोठा होता. ओथाही हसला. पण कोणता आमेन किती मोठा होता, हे त्याच्या कानानं टिपलं होतं.

ओथा ट्रकवरून फर्निचर पोचवायचा. आता चार वर्षं त्याच्या किडन्या बंद पडल्या होत्या, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे सव्वासहाला वर्डेल त्याला गाडीत घालून डायलिसिसला न्यायचा. यंत्राला जोडलेला ओथा चार तास मोठ्या खुर्चीत, आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत वर्डेल. शिवाय गेली एकतीस वर्षं दोघं स्टेडियमच्या पूर्व बाजूला, अगदी वरच्या रांगेत, असेच शेजारी शेजारी बसत आले होते. सरोवरावरून येणारा वारा तिथं हाडं फोडतो. दोघांत एकच हिरवी गोधडी, वर्डेलच्या आईनं तुकडे जोडून शिवलेली. मागच्या डिसेंबरात स्टोकर्स चौतीस-तीननं हरत होते, स्टेडियम रिकामं झालं, तरी हे दोघे त्या गोधडीत शेवटच्या शिटीपर्यंत बसले होते. ओथाला दिवसभरात मोजकंच पाणी चालतं, म्हणून तो तोंडात बर्फाचा एक खडा धरून संघाला शिव्या घालत होता.

मंगळवारी डायलिसिसच्या हॉलमध्ये टीव्ही लागलेला होता. सात वाजून वीस मिनिटांनी पडद्याखालून पट्टी सरकली: मॅबिन दक्षिणेकडच्या एका संघात गेला. स्टोकर्सनी तिसऱ्या वर्षाचा हक्क द्यायला नकार दिला, दुसऱ्यांनी दिला, सौदा फिरला.

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची स्टोकर्सची टोपी काढून यंत्राच्या खांबाला अडकवली, अंत्ययात्रेत काढतात तशी. कुणी म्हणालं, तीन काय, दहा वर्षांचे हक्क द्यायचे होते, त्या हक्कांवर इतकी वर्षं आपण निवडलं तरी काय. कुणी म्हणालं, बरं झालं, इथं आला असता तर त्याचाही गुडघा गेला असता. नर्स रेनिटा एकेकाचा रक्तदाब बघत फिरत होती. ती म्हणाली, सगळ्यांचा वीस-वीसनं चढलाय, कारणाच्या रकान्यात मी संघाच्या मॅनेजरचं नाव लिहिते. सगळे हसले. वर्डेल तर डोळे पुसेपर्यंत हसला.

ओथा हसला नाही. टीव्हीकडे बघतच त्यानं विचारलं, "आणि दुसरीचं काय?"

"कुठली दुसरी?"

उत्तर परतीच्या वाटेवर मिळालं. डायलिसिसनंतर ओथा पिळून काढल्यासारखा व्हायचा, बोलायचा नाही. पण त्या दिवशी त्याच्या घरासमोर गाडी थांबली तरी तो उतरला नाही.

"वर्डेल, तू मला आणि त्या पोराला एका दावणीला बांधलंस. सगळ्या चर्चसमोर. आता तो गेला."

"अरे, ती गंमत होती."

"गंमत कुठली होती? किडनीची की क्वार्टरबॅकची?" ओथानं दार उघडलं, पण पाय बाहेर टाकला नाही. "तू ज्या आवाजात त्याच्याबद्दल बोललास, त्याच आवाजात माझ्याबद्दल बोललास. तेव्हा मला कळलं की तुलाही काही माहीत नाही. मी आपला समजत होतो, डीकन आहे, ह्याला काहीतरी ठाऊक असेल. चार वर्षं त्याच्यावर काढली मी." मग अगदी साध्या सुरात, जसं दूध आणू नकोस म्हणावं तसं, म्हणाला, "गुरुवारी न्यायला येऊ नकोस. मी थकलोय."

डायलिसिस सोडलेला माणूस आठ-दहा दिवस काढतो, फार तर दोन आठवडे. हे दोघांनाही माहीत होतं.

वर्डेल घरी गेला. बुधवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात गेला तर तिथं त्याचीच वाट बघत होते. डीकन, तू आभारांवर पत्ता कोणता घातला होतास? ते दक्षिणेत पोचलेत. पुढच्या वेळी प्रार्थना करशील तेव्हा आधी आम्हाला सांग, आम्ही उलट बाजूवर पैज लावू. एरवी वर्डेलनं प्रत्येकाला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज तो अर्धी दाढी झाल्यावर उठला आणि तसाच मदर इझेलच्या घरी गेला.

मदर इझेल म्हणजे चर्चची माउली, वय एक्याण्णव. पांढरी टोपी घालून पहिल्या बाकावर बसायची आणि प्रवचनकाराचा सूर घसरला तर काठीनं ताल देऊन त्याला वर काढायची. ती वालाच्या शेंगा निवडत होती. वर्डेलनं सगळं सांगितलं. विश्वास कमी पडला का माझा, असं विचारलं.

तिनं त्याच्या अर्ध्या दाढीकडे बघितलं आणि शेंगांची पाटी त्याच्याकडे सरकवली. बराच वेळ दोघं शेंगा सोलत बसले.

मग ती म्हणाली, "साठ वर्षं मी न आलेल्या गोष्टींचे आभार मानतेय. निम्म्या अजून यायच्यात. पण त्या माझ्या होत्या, बाळा, आणि त्यांची वाट मी बघत होते. त्या खुर्चीत सुई कोणाच्या हाताला टोचलेली असते?"

"ओथाच्या."

"मग त्याच्या वाट बघण्याचे आभार तू कसे मानलेस? विचारलं होतंस त्याला?"

वर्डेलनं विचारलं नव्हतं. चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ओथा काही बोलायला लागला की हा पटकन म्हणायचा, येणार, येणार, वाटेत आहे. आणि ओथा गप्प व्हायचा. आपण त्याला धीर देतोय असं वर्डेलला वाटायचं. तो धीर खरं तर त्याला स्वतःलाच लागत होता.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. रविवारची गर्दी नसते, तीसेक माणसं, सगळी घरची. ओथा आला होता. गाणाऱ्या पुरुषांत त्याचा खालचा आवाज होता, आणि बुधवार त्यानं कधी चुकवला नव्हता. पण आज तो शेवटच्या बाकावर कोट न काढता बसला होता. साक्षीची वेळ आली. वर्डेल उठला. कुणीतरी हळूच म्हणालं, आता गोलकीपर माग, दुसऱ्याच खेळातला, तो तरी मिळेल. लोक हसायला तयार होते.

"मला रविवारची साक्ष परत घ्यायचीय," वर्डेल म्हणाला.

असं माउंट नेबोमध्ये आजवर कुणी केलं नव्हतं. ऑर्गनवरचे हात वर उचलले गेले ते तसेच राहिले.

"मी दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही मला ठाऊक नव्हत्या. क्वार्टरबॅक आला नाही. ओथाची किडनी आलेली नाही, आणि ती कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही. मी देवाच्या नावावर माझं बोललो. त्याची मी माफी मागतो, आणि ओथाची मागतो." टाय सारखा करायला त्याचा हात गेला, टाय नव्हता. "मला ठाऊक आहे ते एवढंच. तो चार वर्षं त्या खुर्चीत जातोय आणि मी शेजारी बसतोय. मला त्या वरच्या रांगेत एकट्याला बसता येणार नाही. हे आभार नव्हेत. मागणं आहे. आणि ते देवापाशी नंतर, आधी ओथापाशी आहे."

आमेन कुणी म्हटला नाही. रेव्हरंड गेन्स हळूच उठले, पण व्यासपीठावर चढले नाहीत. बाकांच्या मधल्या वाटेत उभे राहिले. ते बोलायला लागले ते अगदी घरातल्यासारखं. म्हणाले, रविवारी सर्वांत मोठा आमेन माझा होता, तेव्हा माझीही माफी जमेला धरा. मग म्हणाले, आपल्या चर्चचं नाव ज्या डोंगरावरून पडलं तिथं मोशे उभा होता. चाळीस वर्षं चालला, देवानं देऊ केलेला देश डोळ्यांनी दिसला, पाय मात्र तिथं पडला नाही. असं म्हणता म्हणता त्यांच्या बोलण्यात लय शिरली. ऑर्गनवरचे थांबलेले हात हलकेच खाली आले, शब्दाखाली सूर सरकला, आणि बोलणं कुठं संपलं, गाणं कुठं सुरू झालं ते कळलं नाही. त्या डोंगरावर एकटा नव्हता तो, असं ते गायले. प्रत्येक वेळी थोडं वरच्या पट्टीत, दम खात, घोगऱ्या गळ्यानं. एकटा नव्हता. मिळालं नाही तेव्हाही एकटा नव्हता. मदर इझेलची काठी फरशीवर पडू लागली. लोक उठले. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, शेवटच्या बाकावरून, एक खालचा आवाज मिसळला. वर्डेलनं मागं वळून बघितलं नाही. तो आवाज त्याला एकतीस वर्षं ओळखीचा होता.

सभा सुटल्यावर ओथा पायऱ्यांवर थांबला होता.

"सव्वासहाला ये," तो म्हणाला. "फक्त उद्याचं बोलतोय. शनिवारचं मी काही कबूल केलेलं नाही."

"बरं."

"आणि ती गोधडी आण. तिथं पूर्व बाजूपेक्षा जास्त थंडी वाजते मला. चार वर्षं सांगायचं होतं, पण तू बोलू देशील तर ना." मग त्यानं वर्डेलचा गाल बघितला. "आणि दाढी तरी पुरी कर, लेका. संघासारखं सगळं अर्धवट."

गुरुवारी हॉलमध्ये टीव्हीवर आता वाद चालला होता, वाचलेल्या पहिल्या हक्कावर कोणता नवखा क्वार्टरबॅक निवडायचा. खांबाला अडकवलेली टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावर परत आली होती. ओथा हिरव्या गोधडीत हनुवटीपर्यंत बुडाला होता. वर्डेलनं त्याला विचारलं, भीती वाटते का रे? ओथानं बर्फाचा खडा या गालातून त्या गालात नेला आणि कितीतरी वेळ, हळू आवाजात, सांगत राहिला. वर्डेल मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी ओथानं मान पडद्याकडे वळवली आणि म्हणाला की तो डावखुरा पोरगा त्यांनी निवडला तर मात्र आपण दोघांनी दुसरं शहर बघावं.

तर माझ्या माणसांनो, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पहाटे जाग आली, तर ओथा पिकेटची आठवण करा. त्याच्या वतीनं कशाचे आभार मानू नका. नुसती आठवण करा, की या घटकेला तो तिथं बसलाय, आणि शेजारची खुर्ची रिकामी नाही.