मोठ्या ड्रमवरचा हात

"काड्या खाली ठेवा," संयोगिता ओरडून म्हणाली. कुणीही ठेवल्या नाहीत.

साइड ड्रमवाले आपले बडवत होते. झांजवाल्या दोघींचं भांडण लागलं होतं. बासरीवाली पोरं एकमेकांच्या कानात फुंकर मारत होती, आणि मोठा ड्रम छातीला बांधलेला नववीतला गुंडा पाण्यात बसलेल्या म्हशीच्या शांतपणानं हे सगळं बघत उभा होता. शाळेमागच्या मैदानावर जानेवारीतलं कोवळं ऊन होतं, तरी तिला घाम फुटला होता.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत ती संगीत शिकवायची. तिथं तिच्या वर्गाचं नाव होतं. तिनं टाळीचा एक ठेका धरायचा, मुलांनी तोच ठेका परत द्यायचा आणि गप्प व्हायचं. नव्या शिक्षकांना तिचा तास बघायला बसवायचे. तोच ठेका तिनं इथं वाजवला. मुलांनी परत दिला, आणि देतच राहिली.

"म्याडम, आरती हाय व्हय?" मागून कुणीतरी विचारलं, आणि अख्खा बँड खिदळला.

हा बँड तिच्या वडिलांचा. लालासाहेब पलटणीच्या बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि विट्याजवळच्या या गावात परत आले. गावातले निम्मे बाप्ये परमुलखात गलाईची दुकानं थाटून सोनं गाळतात. त्यांनी वर्गणी काढून शाळेला ड्रम दिले आणि लालासाहेबांनी फुकट शिकवायला सुरुवात केली. पोरं त्यांना आबाच म्हणायची. संयोगिताही त्यांना आबाच म्हणायची. दिवाळी झाली आणि रानात पाणी पाजता पाजता ते बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

दिवस घालून ती पाचगणीला परत गेली होती. मग हेडमास्तर धनाजी सरांचा फोन आला, आणि ती रजा टाकून आली.

"ताई, राग मानू नका," सर म्हणाले होते. "आबा होते तोवर आम्ही तोंड उघडलं नाही. पण दोन वर्षं झाली, बासऱ्या ऐकवत नाहीत. ड्रम झकास, पण बासऱ्या सुरू झाल्या की पाहुणे एकमेकांकडं बघत्यात. यंदा सव्वीस जानेवारीला स्पीकर लावावा म्हणतोय. पेन ड्राइव्हात सगळं मिळतंय."

"मला बघू द्या सर."

"शनिवारी ऐकतो. जमलं तर बँड, न्हाई तर स्पीकर. पण एकदा स्पीकर लागला, की बँड परत निघायचा न्हाई, हे तुमालाबी माहीत हाय."

तिला ते माहीत होतं. पण ती बँड वाचवायला आली होती, हे अर्धंच खरं. एक शब्द तिच्या उरात दोन वर्षं रुतून बसला होता. दर रविवारी सकाळी ती आबांना फोन करायची. अशाच एका रविवारी तिनं त्यांना दिवस गेल्याचं सांगितलं. अजून कुणाला बोलायचं नव्हतं, म्हणून फक्त त्यांना. ते "बरं, बरं" म्हणाले. पुढं काही आठवड्यांनी साताऱ्याच्या दवाखान्यातून तिनं फोन केला आणि म्हणाली, "आबा, बाळ राहिलं नाही."

"बरं झालं," आबा म्हणाले होते. "तिकडं सगळं बरं हाय न्हवं? मग झालं तर."

तिनं फोन ठेवला. आबांच्या बहिणीला, घरातल्या आत्यालाही तिनं सांगितलं नाही. रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग सणावर. आबा कधी का म्हणून विचारायला आले नाहीत. ते रोज सकाळी या मैदानावर असायचे, लोकांच्या पोरांत. जो जीव तिला लावला नाही तो इथं कसा लावत होते, हे तिला एकदा बघायचं होतं.

पण इथं बघायला होता तो नुसता दंगा. तिचा घसा बसला. ती गुंडाशेजारी जाऊन उभी राहिली आणि आधार हवा म्हणून तिनं मोठ्या ड्रमच्या कातड्यावर तळहात टेकला.

मैदान गप्प झालं.

काड्या खाली गेल्या. झांजा मांडीला टेकल्या. बासऱ्या उजव्या काखेत. पोरं सरळ उभी राहून तिच्या हाताकडं बघू लागली. तोंडाकडं नाही, हाताकडं. दूर कुठंतरी मेंढरांच्या गळ्यातली घंटी तेवढी ऐकू येत होती.

संयोगितानं हात काढला नाही. भीत भीत दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. साइड ड्रमच्या रांगेतल्या पहिल्या मुलीनं काड्या उचलल्या, मागोमाग सगळ्यांनी. बोट खाली आलं आणि बँड सुरू झाला. काय वाजवत होती पोरं! गुंडाचा एकेक ठोका तिच्या तळव्यातून कोपरापर्यंत चढत होता. इतका एकसारखा हात तिनं मोठ्यांच्या बँडमध्येही क्वचित ऐकला होता. तिच्या वर्गात तक्ते होते, ठेके होते, शाबासकीचे तारे होते. असं वाजवणं नव्हतं.

मग बासऱ्या लागल्या, आणि तिनं दात आवळले.

निम्म्या जुन्या बासऱ्या एका पट्टीत होत्या, निम्म्या नव्या दुसऱ्या. बोटं सगळ्यांची बरोबर पडत होती, एकाच वेळी उठत होती, पण सूर एकमेकांना खात होते. तिनं हात उचलला. बँड थांबला.

"या नव्या बासऱ्या कुणी आणल्या?"

"आबांनी," बासरीवाल्यांतला एक म्हणाला. "विट्यासनं."

"खोटं बोलू नका. आबा अशा आणणार नाहीत. लांबून ट्रकचा हॉर्न ऐकून कुठला सूर आहे ते सांगायचे ते. आणि तुम्ही दोन वर्षं हे असलं वाजवता? कान आहेत का नाहीत तुम्हाला?"

 सगळ्यांची नजर साइड ड्रमच्या पहिल्या मुलीकडं गेली. सोनिया तिचं नाव, दहावीतली, मेंढपाळाच्या घरातली. काड्या पाठीमागं धरून ती पायानं माती उकरत होती.

"आमाला हायत की कान," ती म्हणाली.

"सोने, गप," गुंडा म्हणाला. "शपथ हाय."

"आता कुणाची शपथ रं? ज्यानं घातली त्यो गेला." तिनं मान वर केली. "म्याडम, आबांना ऐकू येत न्हवतं. कायबी. आमी सातवीत हुतो तवापासनं."

लिंबाची पानं हलत होती. 

"पलटणीत तोफंजवळ कान गेलं, मग हळूहळू पार बसलं म्हणायचे. मशीन लावा म्हणलं तर म्हणायचे, हेडसरांनी बघितली की बँड काढून घेतील. मोठ्या ड्रमवर हात ठेवला की ठोका कळायचा. आमच्या काड्या डोळ्यांनी बघायचे. म्हणून तर बोलायचं न्हाई असा नेम हुता. मैदानात जे काय सांगायचं ते हातानं."

"आणि हेडसर आले की टोकाची पोरगी हनुवटी वर करायची," गुंडाला आता राहवेना. "मग आबा वळून लगीच रामराम घालायचे. सरांना वाटायचं, म्हाताऱ्याचं कान लय तिखट!"

पोरं हसली आणि लगेच थांबली.

"बासऱ्या आबांनी दुकानातच वाजवून बघितल्या," सोनिया म्हणाली. "इथं आणून आमाला बी वाजवून दावल्या. डोळं मिटून. झकास हाय का न्हाई, म्हणले. आमी काय सांगायचं म्याडम? तुमी सांगितलं असतं?"

 "उद्या या," एवढंच ती म्हणाली.

घरी धोंडुबाई आत्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. आबांच्या मागं त्याच घर बघत होत्या.

"आत्या, आबांना ऐकू यायचं?"

"न यायला काय झालं? मुलखाचा हेकट. हाका मारून मारून माझा घसा बसायचा, अन् ह्यो आपला गोठ्यात पाठ करून बसलेला. लहानपणापासनं तसलाच." आत्यांनी भाकरी उलटली. "गं, तू आज जेवणार हायस का न्हाई? का त्येच्यावानीच करतीस?"

ती जेवायला बसली. दिवाळीत ती यायची तेव्हा आबा समोर बसून तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचे. वय झालं, माणूस बघत बसतो, असं तिला वाटायचं. आता तिला कळलं की ते ऐकत होते. आणि फोनवर तोंड दिसत नाही. म्हणजे आपल्याला नात किंवा नातू होणार होता हेच त्यांना माहीत नव्हतं. बाळ येणार हे कळलं नाही, आणि गेलं तेही. "बरं झालं" हे कशालाच दिलेलं उत्तर नव्हतं. राग धरायला काही उरलं नाही, आणि राग गेल्यावर दुसरं काही हाताला लागेना.  आत्यांनी ताक वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती मिरजेला जाऊन एका पट्टीच्या बासऱ्या घेऊन आली. काम एवढंच होतं. कुणी एकदा म्हटलं असतं तर आबांनी हे एका सकाळीत केलं असतं. पोरांनी नव्या बासऱ्या घेतल्या, जुन्या काळजीपूर्वक फडक्यात गुंडाळल्या आणि टाकून देऊ का म्हणून कुणीच विचारलं नाही. तिनंही शिकवताना बोलणं सोडलं. ड्रमवर हात, एक बोट, एक नजर. जो फार वळवळ करायचा त्याच्या शेजारी सगळ्यांत शांत पोर, ही आबांनी लावलेली रांग तिनं मोडली नाही. शनिवारी धनाजी सर पायरीवर उभे राहून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि नुसती मान हलवून आत गेले.

सव्वीस जानेवारीला बँड वाजला. बासऱ्या एका सुरात लागल्या तेव्हा खुर्च्यांवरची माणसं खरोखर गप्प झाली. संयोगिता गुंडाच्या शेजारून, ड्रमला हात लावून चालत होती. मध्येच तिनं कानावरून पदर घट्ट ओढून घेतला. तरी सगळं ऐकू येत होतं. आबांच्या वाट्याला यातलं फक्त तळहातावर येणारं तेवढं आलं होतं, आणि तेवढ्यावर ते डोळे मिटून झकास म्हणायचे.

"यंदा बासऱ्या काय लागल्यात!" पाहुणे गेल्यावर धनाजी सर म्हणाले. "आबा असायला पाहिजे होते ऐकायला."

पोरांनी माना खाली घातल्या.

"पुढं कोण शिकवणार सर?" तिनं विचारलं.

"तुमी थांबता?" सरांनी विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून स्वतःच म्हणाले, "न्हाई, तुमची नोकरी. बघू. शिक्षकच न्हाई म्हटल्यावर… तोवर सामान आत ठेवू या."

शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत पोरं ड्रम लावून ठेवत होती. नवा स्पीकर तिथंच प्लास्टिकमध्ये होता. तो थोडा सरकवून मोठ्या ड्रमला जागा केली. सगळी गेली तरी सोनिया दारात घुटमळत राहिली.

"ताई," ती म्हणाली. आजवर ती म्याडम म्हणायची. "एक विचारू? तुमचा फोन यायचा ना आयतवारी, तवा प्रॅक्टिस असायची. खिशात थरथरला की आबा मला घेऊन लांब जाऊन बोलायचे. फोन ठेवला की मला हातानं विचारायचे, बरोबर बोललो का?"

"मग?"

"मला कुठं तुमचं ऐकू येतंय? त्यांचंच तेवढं यायचं. मी आपली म्हणायची, व्हय आबा, बरोबर बोललासा. मग खूश व्हायचे." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण मागनं तुमचा फोन यायचा कमी झाला. आबा आयतवारी फोन हातातच धरून बसायचे. तवापासनं माझ्या डोक्यात हाय. बरोबरच बोलायचे ना त्ये?"

पोरीचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते. आबांनी शिकवलेलं बघणं. त्याच्यापुढं काही लपायचं नाही. संयोगितानं चेहरा वळवला नाही. मोठ्या ड्रमवर तळहात ठेवला. कातडं गार होतं, आणि आत काही हलत नव्हतं.

"व्हय गं," ती म्हणाली. "बरोबर बोलायचे."

सोनियानं श्वास सोडला. मग शिपाई कुलूप घेऊन आला, आणि दोघी बाहेर आल्या.