पहिली गोळी कोहळ्याला

नवे पैसे नुकते आले होते आणि मुरबाडच्या बाजारात म्हाताऱ्या अजून आण्यावरूनच भांडत होत्या, त्या वर्षीची गोष्ट. सिद्धगडाच्या पायथ्याला एका गावात कुंडलिक पाटील नांदत होता. त्याची सून गिरजा. अंगानं काडी, पण तोंड असं की भांडायला उभी राहिली तर बैल वैरण सोडून ऐकत बसायचे. त्या दसऱ्याला मात्र तिच्या तोंडाला पार कुलूप लागलं होतं.

त्या साली एका रानडुकरानं गावाचं भात नासायला घेतलं होतं. डुक्कर म्हणजे काय सांगू! त्याच्या पाठीवर बगळे बसून गडावर जायचे म्हणे, भाडं न देता. हळवं, आधी तयार होणारं भात पिकलं की हा येई, खाई थोडं आणि लोळे जास्त. शेवटी पाटलानं ठाण्याच्या कर्णिक वकिलांना बोलावणं धाडलं. कर्णिक मोठे शिकारी. त्यांची बंदूक विलायती, आणि तिच्या डोक्यावर एक लांब काळी दुर्बीण बसवलेली. बैलगाडीतून उतरले तेव्हा दोन्ही हातांत बंदूक आडवी धरून उतरले, जसं काही तान्हं पोर बारशाला आणलंय.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. पाटलाची बायको सकुबाई पहाटेच उठली. कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सगळं धुऊन, खुरासणीचं तेल लावून पाटावर मांडायचं काम गिरजाकडे. कर्णिक साहेब ओढ्यावर अंघोळीला गेलेले.

"अगो, ती सायबाची बंदूक बी ठेव पाटाव," सकुबाई चुलीपाशी बसून ओरडली.

"आत्याबाय, ती कशाला? त्यांची वस्तू."

"हत्यार हाय ना? मग? आज पुजलं नाय तं हत्यार घरधन्यालाच चावतंय. उचल गुमान."

गिरजानं उचलली. कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले. बंदूक दिसायला बारीक, पण दुर्बिणीमुळे वरच्या अंगाला जड, हे तिला काय ठाऊक? दोन पावलं गेली नाही तोच ती हातात वळली, मासळीसारखी सटकली आणि ओटीवरच्या दगडी उखळाच्या काठावर दुर्बिणीनं आपटली.

खट्ट!

एवढाच आवाज. आत सकुबाईच्या कढईत वडे चुरचुरत होते, तिला ऐकूही गेलं नाही. गिरजानं आधी चुलीकडे बघितलं. तिनं बंदूक उचलली, पदरानं पुसली. काच सलग. कुठं चीर नाही. दुर्बीण नळीवर सरळ बसलीय की किंचित एका अंगाला कललीय, ते काही कळेना. या डोळ्यानं बघितलं तर सरळ दिसे, त्या डोळ्यानं बघितलं तर वाकडी. मग तिनं तशीच पाटावर निजवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि हात जोडून म्हणाली, "बाई गो, लागलं असंल तं आत्ताच सांग."

बंदूक कशाला बोलते!

साहेब आले. आपल्या बंदुकीला माळ बघून खूश झाले. ओटीवर मांडी घालून पाटलाला सांगायला लागले, "पाटील, ही दुर्बीण म्हणजे माझा तिसरा डोळा. हिच्यातून बघितलं तर समोरच्या कड्यावरच्या माकडाच्या कानातली ऊ दिसते. पण फार नाजूक. केसभर जरी हलली ना, तर इथून तिकडच्या बांधापर्यंत गोळी चार-चार हात बाजूला जाते. म्हणून मी हिला कुणाच्या हातात देत नाही."

गिरजा वडे वाढत होती. एक वडा साहेबांच्या पानात पडायचा तो पाटलाच्या पाण्याच्या तांब्यात पडला.

"उद्या दसऱ्याला सकाळी हाका," पाटील म्हणाला. "गावचे गडी रानातून डबे बडवीत डुकराला खाली आणतील. तुमी खिंडीत बसा. डाव्या अंगाला आमचा गणू राहील, सगळ्यांच्या पुढं. त्याच्याबिगर डुकराला खिंडीत वळवणारा गावात कोन नाय."

गणू म्हणजे गिरजाचा नवरा. आणि गिरजाच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट फिरायला लागली. डुक्कर खिंडीत, गणू डाव्या अंगाला. गोळी चार हात बाजूला गेली तर?

संध्याकाळी साहेबांनाच वाटलं, एक गोळी मारून बघावी, हात बसलाय का. पाटाकडे हात केला तशी सकुबाई आडवी आली.

"आं आं! पूजेतलं हत्यार हाय ते. आता दसऱ्याबिगर हालवायचं नाय. देवाचा इसावा असतो त्यांना बी."

"अहो बाई, एकच गोळी..."

"आमच्या घरात नांगर बी उचलत नायत आज. तुमची बंदूक काय नांगरापरास मोठी?"

साहेबांनी हसून हात मागं घेतला. गिरजाला वाटलं, सासूला त्याच पाटावर बसवून पुजावं आणि दसऱ्यापर्यंत हलवू नये.

गणू गोठ्यात बैलांच्या शिंगांना गेरू लावत होता. गिरजा तिथं गेली आणि सगळं सांगून टाकलं. तो आधी दचकला. मग इकडेतिकडे बघून दबक्या आवाजात म्हणाला, "कोनाला बोललीस?"

"तुमालाच बोलते."

"मग हितंच गाड. पाटलाच्या घरात सायबाची बंदूक पाडली, असं मुरबाडपासून शहापूरपर्यंत होईल. बाबांना तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? आनि पुजेचं हत्यार पडलं म्हटल्याव एक गडी तरी रानात पाय ठेवील? डुक्कर सगळं भात खाऊन जाईल."

"आनि तुमाला गोळी लागली म्हंजे?"

"काच सलग हाय ना? मग काय झालं! मी पडलो व्हतो आंब्यावरून, मी वाकडा झालो का?"

"झालात. डोस्क्यात."

"जा गो, भाकरी बघ."

"तुमी उजव्या अंगाला जा. नायतं मागं तरी ऱ्हावा."

"पाटलाचा पोरगा मागं ऱ्हातो?" एवढं बोलून त्यानं बैलाच्या शिंगाला असा गेरू फासला की बैलाचा एक डोळाही रंगला.

गिरजा भाकऱ्या थापत बसली. साहेबांना सांगावं तर नवऱ्यानं तोंड बांधलेलं, सासऱ्याची इज्जत मधे. न सांगावं तर... पुढचं तिला मनातल्या मनातही बोलवेना. सकाळ झाली तरी तिच्या डोळ्यापुढं बंदुकीची नळीच.

अंगणात गडी जमले. कुणाकडे डबा, कुणाकडे फुटकी परात, यमाजी म्हाताऱ्याकडे तर लग्नातला ताशा. कोयते-कुऱ्हाडी पाटावरून उचलल्या गेल्या. साहेबांनी माळ काढली, बंदूक उचलली, गोळी भरली. गणू सगळ्यांच्या पुढं उभा, डोक्याला लाल फडकं बांधून. एवढं लाल की आंधळ्यालाही नेम धरता यावा.

सकुबाईनं ओवाळायचं तबक सुनेच्या हातात दिलं. गिरजानं वर बघितलं, तर पडवीच्या छपरावर वेलीला एक भला थोरला कोहळा. आणि तिचं कुलूप निघालं.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, डोक्यावरचा पदर सावरत, "पयली गोळी नाय द्यायची?"

"कोनाला?"

"कोहळ्याला. पुजलेलं हत्यार पयल्यांदा चालतं ते कोहळ्याव. कोयता असंल तं कोयत्यानं फोडायचा, बंदूक असंल तं गोळीनं. पयला बळी देवीचा, मग डुकराचा. आमच्या उंबरमाळीला तशी चाल हाय. एका साली नाय दिला, तं बंदूक शिकाऱ्याव उलटून भुंकली."

सगळे गडी एकमेकांकडे बघायला लागले. पाटलानं मिशीवरून हात फिरवला. "आपल्यात तं मी कधी ऐकलं नाय."

गणू डोळे वटारून बघत होता. गिरजाला वाटलं, आता संपलं. उंबरमाळीला तिच्या बापाकडे बंदूक तर सोडाच, धड गोफणही नव्हती.

तेवढ्यात सकुबाई पुढं झाली. या बाईच्या स्वभावात एक खोड होती. सुनेला ठाऊक असलेली एखादी चाल आपल्याला ठाऊक नाही, हे तिनं मेली तरी कबूल केलं नसतं.

"तुमाला काय ऐकाया येनार, पुरुषांना?" ती नवऱ्यावर खेकसली. "हाय अशी चाल! माझी आजीसासू करायची. मी आत्ता सांगनारच व्हते, तर ही भवानी मधे बोलली. आना तो कोहळा!"

"तू कधी केलेलं बघितलं नाय, आये," गणू म्हणाला.

"तू व्हतास का तवा? गप ऱ्हा!"

साहेब खो खो हसले. "आणा, आणा. दुर्बिणीतून कोहळ्याच्या आतल्या बिया मोजून मारतो."

कोहळ्याला कुंकू लावलं. खिंडीत डुक्कर येईल तितक्याच अंतरावर, खालच्या भातखाचराच्या बांधावर मधोमध ठेवला. माणसं, गुरं सगळी अलीकडे घेतली. बांधाच्या डाव्या अंगाला, कोहळ्यापासून चार हातांवर, भातात एक बुजगावणं उभं होतं. गणूची जुनी बंडी त्याच्या अंगात आणि डोक्याला गाडगं.

साहेब एका गुडघ्यावर बसले. दुर्बिणीला डोळा लावला. श्वास रोखला. गिरजानं पण रोखला.

धाड!

डोंगरातून आवाज फिरून आला. कोहळा होता तिथं होता, कुंकवासकट. आणि बुजगावण्याचं गाडगं फुटून ठिकऱ्या उडाल्या होत्या.

आधी पोरं हसली, मग गडी हसले. यमाजीनं ताशावर एक टिपरी हाणली आणि म्हणाला, "सायब, देवीनं कोहळा नाय, गणू मागितलान!"

हसला नाही तो फक्त गणू. तो आपल्या बंडीकडे बघत राहिला. तिच्या वर आता नुसती काठी दिसत होती. मग त्यानं हळूच डोक्यावरचं लाल फडकं सोडलं. गिरजाचे डोळे त्या बुजगावण्यावरच. तबकातलं तेल तिच्या लुगड्यावर सांडलं, तिला कळलंही नाही.

साहेबांनी दुसरी गोळी मारली. तीही तिकडेच. मग त्यांनी खिशातून बारीक पेचकस काढला आणि दुर्बीण उतरवायला घेतली. उतरवता उतरवता एकदा तिच्या पकडीच्या फटीत बोट घातलं, बोट बघितलं आणि धोतराला पुसलं. "बैलगाडीचे धक्के," पाटलाला म्हणाले. "आता साध्या नेमानं बसतो. आणि गणूला थोडा मागं ठेवा."

गडी रानात गेले. डबे, पराती, ताशा, सगळा डोंगर उठला. गिरजा अंगणात उभी. कान खिंडीकडे. आता गोळीचा आवाज येईल, मग येईल. हाका जवळ आला, आणखी जवळ आला, आणि एकदम थांबला. गोळीचा आवाज आलाच नाही. गोळी वाजली असती तरी जीव गेला असता तिचा, न वाजल्यानं दुप्पट गेला. डुकरानं फाडलं का कुणाला? ती अनवाणी बांधावरून पळत सुटली.

वाटेत गडी परत येताना भेटले. तोंडं उतरलेली. पुढं गणू, हातपाय धड, आणि रागानं लालबुंद.

"पुढ्यातनं गेला गो! असा, ह्या झाडाइतका जवळ! मागं कोन ऱ्हातंय, मी पुढंच व्हतो. सायबानं नेम धरला, आनि बंदूक खाली केली! डुक्कर गेला निघून!"

गिरजानं त्याला सगळ्या गावादेखत एक धपाटा घातला. "मागं ऱ्हायला सांगितलं व्हतं ना!" आणि तिथंच रडायला बसली. गडी म्हणाले, बाईला डुक्कर सुटल्याचं फार लागलं.

साहेब दुपारी निघाले. गिरजानं त्यांना ताक दिलं. ओटीवर दुसरं कोणी नव्हतं. तांब्या तोंडाला लावायच्या आधी ते हळू आवाजात म्हणाले, "डुक्कर आणि तुझा नवरा एका रेषेत होते. कोहळ्याच्या आधी असतं ना, सूनबाई, तर मी बिनधास्त झाडली असती. दुर्बिणीच्या जोरावर."

"सायब, ती दुर्बीण... काल सकाळी..."

"फटीत कुंकू आहे. आणि तेल. बैलगाडीला कुणी कुंकू लावलं होतं का, ते मला आठवत नाही." त्यांनी ताक संपवलं. "पण पाटलांना मी बैलगाडीच सांगितलीय. वकिलानं एकदा सांगितलेलं बदलू नये."

डुक्कर काही मेलं नाही, म्हणून त्या साली भात राखायला रोज शेतातल्या माळ्यावर बसणं आलं. गणू निघाला की गिरजा वाजवायचा डबा घेऊन त्याच्याआधी पोचायची. लोक म्हणायचे, पाटलाच्या सुनेला एवढा कसला आनंद झालाय? आणि बडवायची तरी कशी! कसाऱ्याला घाट चढणाऱ्या इंजिनाचा डायवर म्हणे रोज गाडी थांबवून खाली उतरायचा आणि चाकं तपासायचा, आपलंच काहीतरी सुटलं म्हणून.