एरंडाच्या पानाचा पुरावा

तड्... तड्... अंगणातल्या उन्हात एरंडीची बोंडं तडकत होती. माझ्या जन्माआधीचा तो आवाज अजून कानात आहे. मग झाडपाल्याची औषधं देणाऱ्या गोजरबाईनं बिया भाजल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या आणि वर आलेला तवंग बाटलीत भरला. मी एरंडेल बोलतोय; नेवाशाजवळच्या एका वस्तीवरचा बिनपगारी सर्जन.

माझं मूळ काम कोठा साफ करण्याचं. लेकरं नाक दाबून मला प्यायची आणि परसाकडे पळायची. पण एवढ्यावर भागेल ती माणसं कसली? गुडघा धरला, मी. केस गळाले, मी. सून रुसली, तरी मीच.

यंदा मला बढती मिळाली. शेजारच्या मरियाबाईच्या उजव्या बरगडीखाली कळ यायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करा, उशीर केलात तर जिवावर बेतेल.

"पोट फाडायची लई हौस त्यांना!" गोजरबाई म्हणाली. "मी हाय ना."

तिनं एरंडाचं पान शेकलं, त्यावर मला चोपडलं आणि पोटावर बांधलं. दोन-तीन तासांनी कळ थांबली. पान काळं पडून लोंबत होतं.

"बघ! पानानं समदं दुखनं वढून घेतलं."

खडे पोटात, मी कातडीच्या बाहेर. आमची आजवर गाठसुद्धा नाही. कळ आली तशी गेली. पण फुकटचा मान कोण नाकारतो?

अशी चार पानं काळी झाली. आज सकाळी कळ आली ती ताप घेऊनच. पाचवं पान बांधलं गेलं. मरियाबाईचा नवरा शलमोन दुसरीपर्यंत शिकलेला, मुखदुर्बळ माणूस. त्यानं गुपचूप एक पान शेकून, मला चोपडून स्वतःच्या पोटावरही बांधलं.

"तुमाला काय झालंय?" मरियाबाईनं विचारलं.

"कायबी न्हाई. म्हनूनच बांधलं."

दुपारी दोघांची पानं सोडली. सारखीच काळी, सारखीच लोंबती. शलमोननं ती ओट्यावर गोजरबाईपुढे ठेवली.

"आक्का, यातलं दुखनं वढलेलं कोनतं?"

गोजरबाईनं पानं उलटीपालटी केली. हुंगूनही पाहिली.

मरियाबाई भिंतीला धरून उठली. "अहो, सोनोग्राफीचा कागद घ्या. टेम्पो बोलवा. आत्ता जायचं."

बाबांनो, मला कोठ्यापुरतंच ठेवा. खड्यांवर माझा पुरावा म्हणाल तर ही दोन सुकलेली पानं.

एरवी गोजरबाई मला पदराखाली झाकून घरी न्यायची. आज मला ओट्यावरच ठेवून ती निघून गेली.